तिरकी धरलेली टेप

दादाच्या विद्यानगरच्या घराचा नकाशा मी काढला. काचीगुड्याच्या एका छोट्या ऑफिसात मी नकाशेच काढायचो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. घराचा पुढचा कोपरा रस्त्याच्या मधल्या रेषेपासून तीस फूट हवा, असा नियम होता.

प्लॉट तिरका. बाजूची कुंपणाची भिंत रस्त्याला कलून मिळायची. मी टेप त्या भिंतीच्या कडेकडेनं धरली, कारण तिथं झुडपं नव्हती. तीस फूट भरले. चुन्यानं खूण केली.

मेस्त्री म्हातारा, तेलुगू माणूस; आमच्याशी दखनी हिंदीत बोलायचा. म्हणाला, "छोटे साब, गुनिया लगाको नापो. ये तिरछा है."

गुनिया म्हणजे गवंड्याचं काटकोन धरायचं अवजार. "डिप्लोमा तुमचा झालाय का माझा?" मी म्हणालो. दादा हसला. मेस्त्रीही हसला, आणि माझ्या खुणेवर त्यानं पाया घेतला.

बिंदूपासून रेषेपर्यंतचं अंतर लंबावर मोजायचं, हे शाळेपासून पाठ होतं. कागदावर मी चुकलो नसतो. उन्हाचा कंटाळा आला होता, एवढंच खरं.

काही वर्षांनी रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाल्यांनी काटकोन लावून दोरी ताणली, तर अंतर सव्वाअठ्ठावीस फूट. पुढच्या खोलीच्या भिंतीवर लाल पट्टा ओढून गेले.

दादानं मेस्त्रीला बोलावलं. "पाया कुठं घेतलास?"

"छोटे साब की निशानी पे-च लिया, साब."

"माझ्या भावावर ढकलतोस?"

मेस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढून उगीच कुणाला तरी फोन लावला आणि गेटबाहेर गेलो.

खोलीची भिंत पाडली. आमच्या गल्लीत मेस्त्रीकडे दोन घरांची कामं होती, तीही दादानं सांगून बंद करवली. मला ते माहीत होतं.

गेल्या महिन्यात जेवताना दादाला सगळं सांगून टाकलं. वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. दादा बराच वेळ भात कालवत राहिला.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "शिव्या मी त्याला दिल्या ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मेस्त्रीच्या जुन्या खोलीवर गेलो. तिथं आता इस्त्रीवाला बसतो. मेस्त्री कुठल्या गावाला गेला, त्याला माहीत नव्हतं. दादानं इस्त्रीवाल्याला मेस्त्रीचं नाव तरी विचारून पाहिलं; तेही त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही त्याला मेस्त्रीच म्हणत आलो होतो. नाव आम्हालाही सांगता येईना.