दुधीची जुडी

वडनेरच्या रुख्माबाईंसारखी दुधीचं रानझाड ओळखणारी बाई आसपास नव्हती. पानं समोरासमोर, पानावर तांबूस डाग, देठावर बारीक लव, बेचक्यात मोहरीएवढ्या फुलांचा गुच्छ, आणि मोडलं की दूध. बाळंतिणीच्या अंगावर दूध कमी आलं की लोक त्यांच्याकडेच येत. आदल्या दिवशी झाडाला हळद-अक्षता वाहायच्या, सकाळी कोणाशी न बोलता, मागं न पाहता ते तोडून आणायचं, हा त्यांच्या सासूनं लावलेला नेम.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात त्यांची लेक नलूच माहेरी बाळंत झाली. पंधरा दिवसांचं लेकरू भुकेनं रडरड रडे. रुख्माबाई शेताच्या धुऱ्यावरून जुडी घेऊन निघाल्या, तर मागून जिजा हाका मारू लागली. जिजा शेतात तण निंदायला येणारी गोंडाची बाई. रानातलं झाड न् झाड तिच्या ओळखीचं. रुख्माबाईंनी नेम मोडला नाही, उलट भरभर पाय उचलले. घरी येऊन रस काढला, देवापुढं ठेवला, नलूला पाजला.

मग उरलेल्या काड्या चाळताना त्यांचा हात थांबला. एका काडीवर लव नव्हती. पानावर डागही नव्हता. अशा किती काड्या रसात वाटल्या गेल्या असतील? नलू लेकराला पदराखाली घेत होती.

"थांब, पाजू नोको," एवढंच त्या कशाबशा बोलल्या.

तेवढ्यात जिजा धापा टाकत दारात आली. तिनं ती काडी उन्हात धरली.

"याचं पान एकाआड एक हाय, बाई. हे पऱ्हाटीतलं, कपाशीच्या वावरातलं तण. तुमच्या जुडीत दिसलं म्हून आवाज देऊन राह्यली होती."

"काय होईन वो?"

"पोट बिघडन. जास्त गेलं असन तर..." पुढचं जिजानं गिळलं.

दोघींनी नलूला मीठपाणी पाजून ओकायला लावलं. लेकराला शेजारच्या लेकुरवाळ्या भागीरथेनं छातीशी घेतलं. रुख्माबाई देवापुढं बसल्या, पण माळेचा मणी सरकेना. कान सगळा नलूच्या कण्हण्याकडे. दुपारभर तिचं पोट मुरडत राहिलं. उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "माय, भूक लागली." तेव्हा कुठं रुख्माबाईंना रडू आलं.

जाताना जिजा म्हणाली, "देवासंगं दिवसभर बोलता, अन् मले एक शब्द नाई."

त्यानंतर त्या दुधीला गेल्या की जिजाला सोबत नेत. हळद वाहत, अक्षता वाहत, आणि प्रत्येक काडी तोडण्याआधी तिला मोठ्यानं विचारून घेत.