सिस्टरबाईंचा न निघालेला फोटो

फोटो काढताना सिस्टरबाई मान खाली घालायच्या. त्यांचा कॅमेरा म्हणजे एक काळा चौकोनी डबा. तो पोटाशी धरायचा, वरच्या काचेत वाकून बघायचं आणि श्वास रोखून खटका दाबायचा. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या एका म्हातारीला वाटलं, ही बाई आपल्यालाच नमस्कार करते आहे. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बस झालं वं माय, सुखी राय!" तो फोटो फार सुंदर आला होता. आशीर्वाद देणारा हात जरा हललेला होता, एवढंच.

मी चौऱ्याहत्तर साली आंबागडजवळच्या त्या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले. सिस्टरबाई सरकारी दवाखान्याच्या नर्स. एकाच घराच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. त्या मूळच्या लाखनीकडच्या. वडिलांनी मजुरी करून त्यांना शिकवलं आणि त्यांनी नोकरी करून दोन भावांना. लग्न राहूनच गेलं. त्या दोघांतल्या थोरल्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं बहिणीला विचारलं, "अक्का, तुले काय पायजे?" साडी मागतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी कॅमेरा मागितला.

सायकलला औषधांची पेटी आणि खांद्याला कॅमेरा लावून त्या आठ-दहा गावं फिरायच्या. एका रोलात बारा फोटो निघत आणि तो रोल दोन-तीन महिने पुरवायचा असे. त्यामुळे घाई त्यांना माहीतच नव्हती. "थांब जरा, उजेड येऊ दे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते त्या पोरांना म्हणायच्या, कोंबड्यांनाही म्हणायच्या.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. बांधीत, म्हणजे भातखाचरात, गुडघाभर चिखलात बायका ओळीनं धान रोवत होत्या आणि सिस्टरबाई कडेच्या उंच धुऱ्यावर उभ्या राहून काचेत बघत होत्या. एक बाई ओरडली, "वरून काय पायता सिस्टरबाई? खाली या, मंग समजन!" सिस्टरबाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि उतरल्या. पूर्ण ओळ लावूनच वर आल्या. मग चिखलाच्या हातांनी फोटो काढला. "आता बराबर दिसलं," म्हणाल्या.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की त्या रजा टाकायच्या. तिथे रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या खेळात साडी नेसून नाचणाऱ्या गड्याचा फोटो त्यांनी नाचताना काढला नाही. सकाळी तोंड धुऊन, एका डोळ्यात उरलेल्या काजळासकट तो चहा पीत बसला होता, तेव्हा काढला. हिवाळ्यात आम्ही आंबागडचा किल्ला चढलो. दिवसभराच्या पायपिटीनंतर त्यांनी एकच फोटो घेतला, तोही सरपणाची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईचा. मी म्हटलं, "अहो, किल्ला राहिला की!" त्या म्हणाल्या, "किल्ला काई पळून नाई चालला. हे बाई उद्या दिसन का?" उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या मायलेकींचा फोटो काढला, त्यात नुसता अंधार आला. तोही त्यांनी जपून ठेवला. "राहू द्या. वास येते न त्याले," म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात शिवाच्या घरी मुलगी झाली. शिवा म्हणजे शेजारच्या गावचा शेतकरी आणि सुगंधा त्याची बायको. बाळंतपण सिस्टरबाईंनीच केलं होतं. बारशाच्या दिवशी त्यांनी सुगंधाला लेकीसकट अंगणात बसवून फोटो काढला. परत येताना नाल्यात सायकल घसरली, कॅमेरा दगडावर आपटला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. त्यांनी ते झटकन लावलं, पण तुमसरच्या फोटोवाल्यानं रोल परत दिला तो काळाठिक्कर. आत उजेड शिरला होता. "पुढच्या फेरीत दुसरा काढीन," असं त्या मला म्हणाल्या.

ती फेरी आलीच नाही. लेक दीड महिन्याची असताना सुगंधा गवत कापायला गेली आणि तिला साप चावला. बैलबंडी दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

तेरवी झाल्यावर एका दुपारी शिवा आमच्या दारात येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. "सिस्टरबाई, तो फोटो द्या," एवढंच म्हणाला. तिचा दुसरा एकही फोटो कुठे नव्हता. सिस्टरबाई आत आल्या. मी हळूच म्हटलं, "फोटोवाल्यानं हरवला म्हणून सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेल्या.

"शिवा, फोटो नाई निघाला रे. कॅमेरा माह्या हातून पडला. चूक माही आहे."

शिवा ओट्यावर बसला. मला वाटलं, आता हा ओरडेल. पण तो म्हणाला, "तुमी तं पायलं न तिले त्या काचेतून? मंग सांगा मले, कशी बसली होती."

सिस्टरबाई त्याच्यासमोर बसल्या आणि सांगू लागल्या. हिरवं लुगडं. एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला. डाव्या मांडीवर लेक. लेकीनं आईचं बोट घट्ट धरलेलं. कपाळावरचं कुंकू घामानं जरासं ओघळलेलं. "आन् हासून राह्यली होती. मी म्हनलं, सुगंधा, हलू नोको. तं अजूनच हासली." शिवा मान हलवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "अजून एकदा सांगा."

त्यानंतर त्या गावाला गेल्या की सिस्टरबाई शिवाच्या घरी बसून येत. मुलीचं नाव वनिता ठेवलं होतं. तिला कळू लागल्यावर त्या तिलाही सांगत, तेच शब्द, त्याच क्रमानं. एक्क्याऐंशीत त्यांची बदली झाली, तरी दर दिवाळीला एसटीनं येऊन सांगून जात.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचं पत्र आलं. सिस्टरबाई छातीच्या दुखण्यानं गेल्या होत्या. वनिता तेव्हा माझ्याच वर्गात होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती रडली नाही. शाळा सुटल्यावर मात्र दप्तर घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"मॅडम, आता माह्या आईचं कोन सांगन?"

मी तिला जवळ बसवलं. सुगंधाला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी माझ्या तोंडून शब्द येऊ लागले. "हिरवं लुगडं होतं. एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला. उजव्या मांडीवर तू..."

"उजव्या नाई, मॅडम. डाव्या," वनिता म्हणाली, आणि पुढचं तीच सांगू लागली.