जॅनेट आणि आमची न आटणारी बाव

माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच कबूल करतो. नाहीतर माझी बायको आनंदी ते तुम्हाला सांगेलच. सावंतवाडीच्या कोर्टात मी पस्तीस वर्षं कारकुनी केली. लोकांचे अर्ज वाचायचे आणि त्यांतल्या खोचा काढायच्या, यात हयात गेली. निवृत्त होऊन मालवणजवळच्या आमच्या वाडीत परतलो, तेव्हा पेन्शनीबरोबर एक खोडही घेऊन आलो. काही बिनसलं की मी आधी कागद काढतो आणि मग विचार करतो.

त्या खोडीपायी मी एका बाईच्या पोटावर पाय देणार होतो. तिचं नाव जॅनेट.

आमच्या गावची नळयोजना जॅनेटच्या हातात आहे. टाकीत जंतुनाशक पावडर टाकायची, पहाटे एकेका वाडीचा व्हॉल्व सोडायचा, महिन्याला घरोघरचे मीटर वाचून बिलं द्यायची. हे काम आधी तिचा नवरा कॉन्स्टान्सियो करायचा. छातीत कळ येऊन तो एकाएकी गेला, तेव्हा तिने ते पंचायतीकडून मागून घेतलं. "बायलमाणूस व्हॉल्व फिरवतला?" असं पुष्कळांनी विचारलं. तिने कोणालाच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी वेळेवर आलं, तेच उत्तर. व्हॉल्वची लांब लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून ती भराभरा चालत असते. रविवारी चर्चला जातानाही चांगल्या झग्यावर ती किल्ली असतेच. बाहेर कुंपणाला टेकवून ठेवते आणि प्रार्थना संपली की पुन्हा उचलते.

तर एप्रिलात एका सकाळी, पाणी सुटलेलं असताना, तिने आमचं बिल आणून दिलं, ते नेहमीच्या चौपट. घरात माणसं दोन. आमची तन्वी पुण्याला, ती वर्षातून दोनदा येते.

"आमी काय हत्ती पोसतो?" मी ओरडलो.

"नानानू, घरातले सगळे नळ बंद करा बघूया," जॅनेट शांतपणे म्हणाली.

नळ बंद केले. टाकी तर काठोकाठ भरलेली. तरी मीटरमधलं चक्र गरगर फिरत होतं.

"पाणी खंयतरी जाता," ती म्हणाली. "जमनीत पायप फुटलो आसात, बघून घेवा."

मी गडी लावून फाटकापासून घरापर्यंत अंगण खणून काढलं. आनंदीची अबोली त्यात गेली, आणि मूठभर ओली माती म्हणून मिळाली नाही. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो, इथे तोही नाही. आनंदी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता आमच्या बावीचं सांगायला हवं. बाव म्हणजे विहीर. आमची परसात आहे, आणि समुद्र जवळ असल्यामुळे वैशाखात तिचा तळ दिसतो आणि उरलेलं पाणी मचूळ लागतं. माझ्या जन्मापासून हे असंच. यंदा मात्र नवल झालं. वाडीतल्या बाकीच्या बावी आटल्या आणि आमची भरलेली, पाणी शहाळ्यासारखं गोड. शेजारच्या राधाबाई कळशी घेऊन आल्या, त्यांच्यामागून सगळी वाडी आली. मीही मोठ्या मनाने "भरा, भरा" म्हणत रहाटाजवळ उभा राहू लागलो. फुकटचा मोठेपणा कोणाला नको असतो?

"राखणदाराची किरपा, दुसरा काय," राधाबाई म्हणाल्या. "नाना, गाऱ्हाणा घालूक होया."

आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, विसरून चालत नाही. बावीच्या काठावर नारळ ठेवला आणि मी स्वतः गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा महाराजा, ही बाव जशी भरलंस तशीच भरान ठेव रे महाराजा!" मागून सगळ्यांनी "व्हय महाराजा!" म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

बिल ही पंचायतीची फाइल आणि बाव ही देवाची. दोन फायली एकत्र ठेवून बघाव्यात हे मला सुचलं नाही.

मे महिन्याचं बिल आणखी फुगून आलं. मग मात्र मी कागद काढला. 'सदर कर्मचारी मीटरचे वाचन न करता मनास येईल तो आकडा लिहिते. सबब तिला कामावरून दूर करावे.' माझं अक्षर वळणदार आहे आणि गावात माझ्या सहीला वजन आहे. जॅनेटच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या दोघांना तर हा अर्ज म्हणजे घरबसल्या लागलेली लॉटरी. महिनाअखेरच्या ग्रामसभेत निकाल करू, असं सरपंच म्हणाले.

"कॉन्स्टान्सियोच्या मागे ती त्याच पगारार घर चालवता," आनंदी मला म्हणाली. "तुमी काय लिवलास ता एकदा परत वाचा."

मी वाचलं नाही.

ग्रामसभेच्या चार दिवस आधी, सकाळचं पाणी सुटलेलं असताना, जॅनेट फाटकात उभी. "नानानू, बावीचा पाणी जरा काढू?"

आता हिलाही आमचंच पाणी हवं, असं मनात म्हणत मी घुश्शातच कळशी पुढे केली. तिने पाणी काढलं आणि पिशवीतून काचेची एक लहान नळी काढून तिच्यात थोडं ओतलं. वर औषधाचे दोन-तीन थेंब टाकले. नळाच्या पाण्याची ही तपासणी ती रोज करते. पाण्यात पावडर उतरली असेल तर ते पिवळं होतं. बघता बघता आमच्या बावीचं पाणी पिवळं झालं.

"बावीत पावडर घातलास?" तिने विचारलं.

"मी कित्याक घालू?"

"मगे ह्या पाणी बावीचा न्हय, नानानू. ह्या माझ्या नळाचा."

 ती पंपाच्या खोपीत शिरली, पाइपावर हात ठेवत ठेवत एका जोडापाशी थांबली. "ह्या कोणाच्या सांगण्यार जोडलेला?"

माझ्या. गेल्या दिवाळीत नळाचं पाणी छपरावरच्या टाकीत न्यायचं होतं. प्लंबर म्हणाला, वेगळा पाइप टाकूया. मी म्हटलं, बावीच्या पंपाचा पाइप टाकीपर्यंत गेलेलाच आहे, त्यालाच जोड. तेवढाच पाइप वाचला! पंपाच्या पाइपाला खाली बावीत एक झडप असते, वरचं पाणी खाली उतरू नये म्हणून. ती झिजत झिजत यंदाच्या उन्हाळ्यात निकामी झाली होती. त्यामुळे रोज सकाळी नळाचं थोडं पाणी वर टाकीत चढायचं आणि बाकीचं निमूट बावीत उतरायचं. पाइपाचं तोंड पाण्याखाली, म्हणून आवाज नाही की धार दिसत नाही. जॅनेटने पाणी बंद करून जोड सोडवला, नळाच्या बाजूला बूच मारलं आणि पाणी पुन्हा सुरू केलं. मीटरचं चक्र थांबलं ते थांबलंच.

म्हणजे मी नळाला नारळ वाहिला होता.

हात पुसून ती नळी पिशवीत ठेवायला लागली, तेव्हा आत घडी केलेला एक कागद दिसला. माझं अक्षर मला लांबून ओळखता येतं.

"ह्यो तुझ्याकडे?"

"पंचायतीन दिलो. उत्तर लिवक."

"आणि तरी इलंस?"

"पाणी फुकट जाय होता, नानानू," ती म्हणाली. "अर्ज खंय पळान जाता?"

 माफी मागायची सवय नसली की शब्द ऐनवेळी सापडत नाहीत. आनंदीने तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि मी खांबाला टेकून नुसता उभा राहिलो. कोर्टात मी मोठमोठे वकील पाहिले, न्यायाधीश पाहिले. पण जिने आपल्याला बुडवायला निघालेल्या माणसाचं पाणी वाचवलं अशी ही पहिलीच. त्या सकाळी मला देवाची कृपा म्हणजे काय ते कळलं, आणि तिचा बावीशी संबंध नव्हता.

राधाबाईंना खरं सांगताना मी खाली बघत होतो. त्या खो खो हसल्या. "राखणदारान जॅनेटच्या हातान दिल्यान म्हणा!" बाव आठवड्याभरात नेहमीसारखी तळाला गेली. पाऊस लागेपर्यंत वाडीला आमच्या नळावर कळश्या भरायला सांगितलं, आणि यावेळी काठावर मिरवायला उभा राहिलो नाही.

ग्रामसभेला जाताना मी एक चिठ्ठी लिहून नेली होती, 'काही कारणास्तव अर्ज मागे घेत आहे.' कोर्टात असंच लिहितात. कारण सांगावं लागत नाही आणि माणसाची अब्रू झाकलेली राहते. जॅनेट मागच्या रांगेत बसली होती. तिच्या जागेवर डोळा असलेले दोघे पुढे, इस्त्रीचे शर्ट घालून.

ग्रामसेवकाने आधी तिचं उत्तर वाचायला घेतलं. मोजून चार ओळी.

'पाणी जास्त गेले हे अर्जदारांचे म्हणणे बरोबर आहे. घरच्या पाइपात बिघाड होता, तो दुरुस्त केला. अर्जदार वडीलधारे आहेत, त्यांना मनस्ताप झाला. मी पहिल्याच महिन्यात विहीर तपासायला हवी होती, ती चूक माझी.'

जोड कोणी करायला लावला, ते नाही. मी तिला काय काय म्हटलं, त्यातलं एक अक्षर नाही. पुढच्या रांगेतला एकजण लगेच म्हणाला, "बघा, चूक तिनाच कबूल केल्यान!"

मी मागे वळून पाहिलं. जॅनेट मान खाली घालून बसली होती. माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. हातातली चिठ्ठी फाडली आणि उभा राहिलो.

"चूक तिची नाय," मी म्हणालो. "चूक माझी. ती कशी, ता मी पयल्यापासून सांगतंय. सगळ्यांनी ऐका."