अंगणातली कवायत

त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर थकवा. मी विशीत होते, हिंगोलीला मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते आणि सदा दमलेली असायचे. पहाटे उठून विहिरीवरून पाणी, मग भाकरी, मग एसटीसाठी सडकेपर्यंत पायपीट. सुट्टीच्या दिवशी मायबरोबर कापूस वेचायला. आणि आमचे कवायतीचे सर सांगायचे, व्यायाम करा, ताजंतवानं वाटतं! सर मनाने चांगले होते, पण त्यांच्या घरी नळ होता.

परीक्षेत कवायतीचं प्रात्यक्षिक असायचं. उडी मारायची, हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवायची आणि तोंडानं आकडे मोजायचे. त्यात नापास झाले तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं तर मामानं आणलेलं स्थळ दारात उभंच होतं. शाळा नाहीतर चूल, असा सरळ मामला.

अंगात ताकद नव्हती असं नाही. भरलेली घागर डोक्यावर घेऊन मी चढ चढायचे. पण चारचौघांत हात वर करायची मला लाज वाटायची. लहानपणापासून हात खाली, पदर सावरलेला, चाल हळू, हेच शिकवलेलं. हात खांद्यापर्यंत गेले की मनच त्यांना धरून ठेवायचं. सर ओरडायचे, मुली हसायच्या आणि मी जास्तच आखडायचे.

म्हणून पाण्याला जाण्याआधी घरामागे, गोठ्याच्या आडोशाला मी सराव सुरू केला. सुरुवातीला नुसती चिडचिड. आधीच शिणलेल्या अंगाला आणखी शिणवायचं, याला काय अर्थ? मग हळूहळू वेगळंच होऊ लागलं. मन म्हणायचं झोप, आणि पाय आपले अंथरुणाबाहेर पडलेले असायचे. उड्या मारताना लाजेचा विसर पडायचा. त्या दमण्यात आणि पाणी भरून दमण्यात फरक होता. हे दमणं माझं स्वतःचं होतं.

एका पहाटे शेजारच्या म्हातारीनं मला पाहिलं. केस सुटलेले, दोन्ही हात वर, तोंडानं काहीतरी पुटपुटत उड्या मारणारी मी. ती ओरडली नाही. घरात गेली आणि हळदकुंकू घेऊन आली. मी थांबेपर्यंत तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलंसुद्धा.

"कोण हायस, माय? मरीआई हायस का?" ती विचारू लागली. "माझं पोरगं नांदेडला गेलं, त्याचा निरोप न्हाई. कधी येऊन राहिलं ते, सांग."

मला धाप लागली होती, बोलता येईना. आणि नेमकी तीच तिला देवीची खूण वाटली. "मावशी, मी कवायत करून राहिले," असं कसंबसं म्हणेपर्यंत आणखी बायका जमल्या. एकीच्या हातात लिंबू होतं.

आमच्या घरात हे व्हावं, याहून वाईट काही नव्हतं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा बानं घरातले सगळे देव टोपलीत घालून पूर्णा नदीत सोडले होते. घरात देव नाही, अंगारा नाही, याचा त्याला केवढा अभिमान! आणि आता त्याच्याच पोरीच्या अंगात आलं, अशी वस्तीभर बोंब. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर मुरूम वाहून तो संध्याकाळी आला, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून बसला.

"बंद कर ते," एवढंच म्हणाला.

मी बंद केलं. खरं सांगते, आधी बरंच वाटलं. झोपायला मिळालं. पण काही दिवसांतच हात पुन्हा खांद्यापाशी अडकू लागले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, अशानं तू पास होणार नाहीस. घरी येऊन मी रडले. मायनं ते बाला सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला निघायच्या वेळी बानं मला पुढच्या अंगणात बोलावलं. धोतर वर खोचून उभा होता.

"कर सुरू. मोठ्यानं मोज. मी बी करतो."

"काहून, बा?"

"मरीआईला मी माझ्या हातानं पूर्णेत सोडलं. ती माझ्या अंगात तरी येणार न्हाई. बघू दे समद्यांला."

मी मोजू लागले. बाची उडी जेमतेम जमिनीपासून सुटायची. हात कानापाशी जाऊन थांबायचे. मुरमाच्या टोपल्या वाहून त्याचे खांदे कधीचेच आखडले होते. बायका घागरी घेऊन थांबल्या, हसल्या आणि आपल्या वाटेनं गेल्या. म्हातारी तेवढी उभी राहिली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. पोराची खबर विचारायला तिला एक जागा मिळाली होती, तीही आम्ही काढून घेतली.

माझे हात मात्र वरपर्यंत गेले. टाळी वाजली.

पुढे मी पास झाले. पण त्या सकाळची गोष्ट टाळीपाशी संपली नव्हती. बा ओट्यावर बसून खांदा चोळत होता.

"ह्यानं थकवा जातो व्हय?"

"सर म्हणतात, जातो."

"तुझा गेला?"

"गेला," मी म्हटलं.

"मंग माझा काहून न्हाई गेला?"

तो खरंच विचारत होता. मी पाण्याला जायला घागर उचलली. त्यानं फावडं उचललं आणि कालव्याकडे निघाला.