पुरावा शिकवणाऱ्या मॅडम

“असं कोण म्हणतं?” चष्मा कपाळावर सरकवत मॅडम विचारायच्या. कँटीनचा चहा आज बरा आहे, एवढंच कुणी सांगितलं तरी हेच. “स्वतः प्यायलात, की नुसतं ऐकलंत?”

लॉ कॉलेजात त्या पुराव्याचा कायदा शिकवायच्या आणि तो स्टाफरूमलाही लावायच्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीतला नवखा प्राध्यापक. चहाबद्दल बोलण्याआधी मी दोन घोट घेऊ लागलो होतो.

मुलांचं त्यांच्याविषयीचं मत तुम्हाला जिन्यातही ऐकू आलं असतं. “लेक्चर नाही रे, उलटतपासणी आहे ती.” मॅडम प्रश्न टाकायच्या आणि उत्तराला जरा उशीर झाला की बोट पुढच्या बाकाकडे. “नेक्स्ट.”

एका वर्षी हे मत प्राचार्यांपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी विषय दुसऱ्या कुणाला द्यावा, असं त्यांनी मॅडमना सुचवलं. दुसरं कुणी म्हणजे मी. मॅडम तडक माझ्याकडे आल्या. “चला, साक्षीदार म्हणून.” मी निमूट मागोमाग गेलो.

“माझं शिकवणं वाईट आहे असं ऐकते,” त्या वर्गाला म्हणाल्या. “समोर कोण सांगतंय?”

सगळ्या माना खाली. मग भंडाऱ्याहून आलेली एक मुलगी उठली. एरवी ती वर्गात तोंड उघडायची नाही.

“मॅडम, उत्तर मला येतं. ते मनात इंग्रजीत करेपर्यंत तुम्ही नेक्स्ट म्हणता.”

“कालच्या प्रश्नाचं येत होतं?”

“हो.”

“मराठीत सांगा.”

तिने अडखळत, पण पूर्ण सांगितलं. मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कालही बरोबरच होतं.”

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “इतक्या वर्षांत किती जणांना असं बसवलं असेल हो मी?”

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रश्न विचारून थांबू लागल्या. ते त्यांना मुळीच जमायचं नाही. डस्टर या हातातून त्या हातात, नजर खिडकीबाहेर. मराठीत उत्तर द्यायलाही परवानगी मिळाली. पुण्यातच वाढलेल्या एका मुलाचं मराठी ऐकून मात्र त्या म्हणाल्या, “आपण इंग्रजीतच बोला.”

वर्षअखेरीस मुलंच प्राचार्यांकडे गेली आणि विषय मॅडमकडे राहिला. हुशार मुलांची आता नवी तक्रार होती, मॅडम फार थांबतात. ती मला सांगताना मॅडम खुशीत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभानंतर पुष्पगुच्छ सांभाळत त्या रिक्षा शोधत होत्या. ती भंडाऱ्याची मुलगी आता वकील झाली आहे. खास समारंभासाठी आली होती. तिने मॅडमना आपल्या स्कूटरवर मागे बसवलं. नारायण पेठेपर्यंत माझीही वाट तीच, म्हणून मी माझ्या बाईकवर मागोमाग.

सिग्नलला मॅडम तिच्या हेल्मेटजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारत होत्या. ती मान वळवून सांगू लागली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले. तिने आपलं बोलणं पुरं केलं, मॅडमनी मान डोलावली, आणि मगच स्कूटर हलली.