बटणाची खुर्ची

ती चोरी आजही आठवली की हसू येतं, आणि माझी मलाच थोडी लाजही वाटते.

तेव्हा बडोद्याचा निजामपुरा भाग माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. परदेशात नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थाचा ईमेलवर अर्ज आला. सत्तरी ओलांडलेली त्याची आई इथे फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. व्हिडिओ कॉलवर बोलताना तिच्या हातातला फोन वळला आणि याला दिवाणखान्याची उघडी भिंत दिसली. त्याने पाठवलेला मोठा टीव्ही, कोच आणि बटण दाबलं की पाय उचलून धरणारी आरामखुर्ची, सगळं गायब. आई म्हणाली, "मला काही माहीत नाही." याने थेट कामवाल्या बाईचं नाव दिलं.

सकाळी बाईला ठाण्यावर बोलावलं. महिला हवालदारासमोर जबाब सुरू झाला.

"सामान कुठे गेलं?"

"चोरी नथी करी, साहेब. बाकी मला काही विचारू नका."

दोन तास तेच एक वाक्य. तिच्या खोलीत काही सापडलं नाही, तरी तिला काहीतरी ठाऊक आहे एवढं दिसत होतं. गप्प बसणारा माणूस गुन्हेगार, असा माझा हिशेब. मी आवाज चढवला. ती रडली, पण बोलली नाही.

दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमची खुर्ची दांडिया बाजारात आहे. न्हाव्याच्या दुकानात."

गेलो. खुर्चीत एक गिऱ्हाईक आडवं झालं होतं, गालाला साबण, पाय वर. खाकी कपडे बघून तो दचकला, हात बटणावर पडला आणि पाय आणखी वर गेले. त्याला उतरवायलाच पाच मिनिटं लागली. न्हावी म्हणाला, "अहो साहेब, आजी पूर्वी याच गल्लीत राहायच्या. स्वतः टेम्पो घेऊन आल्या आणि देऊन गेल्या. भाडंही मला देऊ दिलं नाही."

तडक निजामपुरा गाठला. जिन्यातच हशा ऐकू आला. दार उघडलं तर सतरंजीवर सात-आठ म्हाताऱ्या, मेंढीकोटचा डाव रंगात आलेला. आजींनी मला पाहिलं आणि हातातले पत्ते पालथे ठेवले.

"या साहेब. चोर मीच."

"आजी, अहो पण का?"

"जागाच उरली नव्हती हो. मैत्रिणी आल्या की कोचावर ओळीने बसायच्या, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या. पत्ते मांडायचे कुठे? हळूहळू यायच्या बंद झाल्या. मग एकेक वस्तू वाटून टाकली."

"मुलाला सांगायचं ना."

"तो केवढ्या हौसेने पाठवतो! म्हणून बाईलाही शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. आज ती कामाला आलीच नाही बघा."

बाई कुठे आहे हे मी सांगितलं. आजींचा चेहरा पडला. डाव तसाच टाकून त्यांनी चप्पल घातली. "चला."

ठाण्यात सगळ्यांसमोर त्यांनी बाईचे हात धरले. "चुकले ग मी. तू का नाही सांगितलंस?"

"बा, तुम्ही सोगंद घातलेली ना."

मग मीही बाईची माफी मागितली. माझ्या नोकरीत आरोपीची माफी मागण्याची ती पहिलीच वेळ.

तिथूनच मुलाला स्पीकरवर फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तुला काहीच आवडलं नाही का ग?"

"आवडलं रे. पण खुर्ची माझ्याशी पत्ते खेळत नाही."

"मग आता काय पाठवू?"

आजींनी लगेच सांगितलं, "पत्त्यांचे दोन कॅट पाठव. आमचे फार मळलेत."

तक्रार मागे घेतली गेली, कागद दप्तरी दाखल झाले. वस्तू गेल्यावर घर आनंदात असलेलं मी सबंध नोकरीत एवढं एकदाच पाहिलं. मुलाची माया खरी होती, पैसाही घामाचा होता. आईला काय हवंय हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. त्याला नावं कशी ठेवू? बाई का गप्प आहे, हे मी तरी कुठे विचारलं होतं?