करकंबच्या डीव्हीडीतले वीस सेकंद

"पोरीनं मशीन उघडून सगळा कचरा काढला. आता एडिटिंगला अजिबात अडकत नाही…" बाबा बाहेरच्या खोलीत कुणाला तरी फोनवर कौतुकाने सांगत होते. मी आत ऐकत होते. ताट तसंच ठेवून उठले.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, त्यामुळे मराठीत लिहायची सवय कमी. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

जुळे सोलापुरात आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट. बाबा लग्नांचं शूटिंग करतात. त्यांचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा — व्हिडिओ अडकायचा, डीव्हीडी राइट होता होता ऐंशी टक्क्यांवर फेल जायची. दिवाळीत मी तो उघडला. ब्लोअरने फॅनमधली धूळ काढली, हार्ड डिस्कवर जागा केली, मग डिफ्रॅग, म्हणजे उरलेल्या फाइल्स मोकळ्या जागेत सलग लिहून घेणं. जागा करताना 'डब्ल्यूबी' नावाचा फोल्डर उडवला. व्हाइट बॅलन्स. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याला काहीतरी पांढरं दाखवतात, म्हणजे रंग बरोबर येतात. असल्या टेस्ट क्लिप्स कोण ठेवतं? एकही उघडून पाहिली नाही. बाबांना विचारलंही नाही.

आठवड्याने जेवताना बाबा म्हणाले, आईच्या वर्षश्राद्धाला डब्ल्यूबीतल्या सगळ्या क्लिप्स एका डिस्कवर घेऊ. शूटिंगला आई सोबत जायची, आणि पांढरा रुमाल धरून तीच उभी राहायची… तिचं दुसरं काहीच शूटिंग नाही. कॅमेरा कायम लोकांच्या लग्नात.

मी मान हलवली. रिकव्हरी करून पाहिली, पण डिफ्रॅगनंतर काही उरलं नव्हतं. चार महिने गप्प राहिले.

मग एका दुपारी करकंबचे एक काका डीव्हीडी घेऊन आले. त्यांच्या मुलीचं गेल्या महिन्यातलं लग्न. कोऱ्या डिस्कवर मीच राइट केलेली.

"सुरवातीला रुमाल धरलेल्या त्या बाई कोन हायत?" त्यांनी विचारलं. "आमी म्हनतो पावन्यांकडच्या, पावनं म्हनत्यात तुमच्याकडच्या. कुनीच वळखंना की."

डिस्क लावली. वीस सेकंद. आई. दोन्ही हातांत रुमाल, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला — म्हणजे बाबांकडे. "झालं का हो? हात दुखले," ती म्हणते. मागून बाबांचा आवाज येतो, "हलू नको गं."

नंतर मी एडिटिंगची टाइमलाइन तपासली. जिच्यावरून डिस्क राइट होते, ती इमेज फाइल तपासली. त्याच फाइलवरून काढलेल्या दुसऱ्या दोन कॉपी पाहिल्या. ती क्लिप कुठेच नाही, फक्त या एका डिस्कवर. कशी आली, मला आजही सांगता येत नाही.

पण त्या दुपारी बाबांना यात विचित्र काही वाटलंच नाही. बऱ्याच महिन्यांनी ते हसत होते. काकांना म्हणाले, ही आमची मंडळी, चुकून मिसळली असेल. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"उघड की तो फोल्डर. बाकीच्या पण बघू."

मी माऊसवरचा हात काढला. काका बशीत चहा ओतत होते. परक्या माणसासमोर मला एरवी धड बोलता येत नाही…

"बाबा, तो फोल्डर नाहीये," मी म्हणाले. "दिवाळीतच मी डिलीट केला. न बघता."